धंद्याचा फोन कोणाच्या नावावर?

(मंडळाच्या गृहोद्योग सभेत दिलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. भाजणी भाजताना मी तासभर न थांबता बोलू शकते, परंतु समोर ध्वनिक्षेपक आला की तोंडाला कोरड पडते. तरीसुद्धा चिटणीसबाईंचा आग्रह मोडवला नाही, कारण विषय आपल्या सर्वांच्या कामाचा आहे.

गेल्या दोन महिन्यांत आपल्या मंडळातील तीन भगिनी तीन निरनिराळ्या दिवशी माझ्याकडे आल्या. एकीचे शिवणकाम, दुसरीच्या शिकवण्या, तिसरीचे पोळीभाजीचे डबे. तिघींनी प्रश्न मात्र एकच विचारला : "घरी बसून काम सुरू करते आहे, लोकांना फोनचा नंबर कोणता देऊ? स्वस्तात स्वस्त कोणता पडेल?" मी तिघींनाही चहा दिला आणि उलट विचारले, "तो नंबर कोणाच्या नावावर असणार?" तिघीही माझ्याकडे पाहतच राहिल्या. कोणी म्हणाली ह्यांच्या, कोणी म्हणाली मुलाच्या, आणि एक म्हणाली, "नावाचे काय एवढे? फोन लागल्याशी कारण." त्या दिवशी मी ठरवले की, ह्या विषयावर एकदा चौघींसमोर बोलायचे.

भगिनींनो, नावाचे काय एवढे, हे मला माझ्या आईच्या संसारापासून सांगावे लागेल. माझे माहेर गिरगावातले, चाळीतले. मी शाळेत होते तेव्हा आई घरी मसाले आणि मेतकूट करून विकत असे. त्या काळी टेलिफोनसाठी अर्ज केला तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या चाळीत एकच फोन, पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. आईच्या पुड्यांवर शिक्का असे, त्यात नंबर काकूंचा आणि पुढे दोन अक्षरे : 'पी. पी.' तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लग्नपत्रिकेवर, पाटीवर, डॉक्टरांच्या कागदावर, सगळीकडे हे पी. पी. असे. त्याचा अर्थ इतकाच की, फोन दुसऱ्याचा आहे, निरोप मिळेल.

त्या फोनचे भाडे आई देत नव्हती, म्हणजे तो फुकटच म्हणायचा. पण दिवाळीच्या चकलीचा पहिला घाणा काकूंकडे जात असे. रात्री आठनंतर फोन आला तर दुसऱ्या दिवशी आईला खाली जाऊन दिलगिरी व्यक्त करावी लागे. आणि एका वर्षी, ऐन गणपतीच्या तोंडावर, नळावरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली. पंधरा दिवस एकही निरोप वर आला नाही. गणपतीच्या सगळ्या मागण्या गेल्या. काकू वाईट नव्हत्या. पुढे माझ्या लग्नात त्यांनीच रुखवत मांडले. पण आईच्या धंद्याची दोरी आईच्या हातात नव्हती, एवढे मात्र खरे.

पुढे काळ बदलला. ३१ जुलै १९९५ रोजी भारतातला पहिला मोबाईल संवाद झाला, कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात. तेव्हा मोबाईलवर आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ सालापासून येणारे फोन फुकट झाले. आज भाजीवाल्याकडेही फोन आहे, आणि पी. पी. ही अक्षरे नव्या मुलींना समजावून सांगावी लागतात. मला वाटले होते की, तो प्रकार आईबरोबर संपला. परंतु मी स्वतःच, सिमकार्डाच्या जमान्यात, पुन्हा पी. पी. नंबरावर धंदा केला. ती हकीगत आता सांगते.

लग्नानंतर मी डोंबिवलीत आले. मुले मोठी झाल्यावर भाजणी, मेतकूट, मसाले आणि दिवाळीचा फराळ असे काम सुरू केले. सुरुवातीला घरचाच नंबर दिला. वर्षभरात असे झाले की, रात्री अकराला "अनारसे मिळतील का?" म्हणून फोन यावा, आणि मुलाच्या कॉलेजातला महत्त्वाचा फोन मात्र गिऱ्हाइकाशी बोलण्यात चुकावा. तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, माझ्याकडे एक सिम पडूनच आहे, तुम्ही घ्या. वेगळा नंबर होईल." मला आनंद झाला. फुकट मिळाले! २०१९ साली तो नंबर मी लेबलांवर छापला, दोन हजार लेबले. कापडी पिशव्यांवर छापला. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर छापला.

२०२० साली पुतण्या नोकरीसाठी जर्मनीला गेला. पुढच्या वर्षी जानेवारीत माझे ते सिम बिघडले. फोन म्हणे, सिमच नाही. मी दुकानात गेले. तिथल्या मुलाने नम्रपणे विचारले, "कार्ड कोणाच्या नावावर आहे?" मी म्हटले, पुतण्याच्या. तो म्हणाला, "मग त्यांनाच ओळखपत्र घेऊन यावे लागेल." त्याचे काही चुकले नव्हते. दुसऱ्याच्या नावावरचे सिम मागेल त्याला देऊ लागले, तर उद्या कोणीही आपले सिम काढून आपल्या बँकेत शिरेल. पण ते दिवस करोनाचे. पुतण्याला येणे शक्य नव्हते. रिचार्जची मुदत संपली, ती भरावी की न भरावी ह्या विचारात महिने गेले, आणि नंबर बंद झाला.

बंद झालेला नंबर कंपनी कायमचा पुरून ठेवत नाही. किमान नव्वद दिवस तो कोणाला देत नाहीत, असे २०२३ साली ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. म्हणजेच त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. माझाही मिळाला, एका तरुण मुलाला. २०२१ च्या दिवाळीत माझी जुनी गिऱ्हाइके त्याला चकलीचा भाव विचारू लागली. बिचारा पहिले चार दिवस गोड बोलला. मग, "अहो, मी चकल्या विकत नाही, इथे अशा कोणी बाई राहत नाहीत," असे सांगून फोन ठेवू लागला.

माहेरच्या चाळीतल्या एक आजी दर दिवाळीला माझ्याकडून अर्धा किलो कडबोळी नेत. त्यांनाही हेच उत्तर मिळाले : "इथे अशा कोणी बाई राहत नाहीत." भगिनींनो, २०२१ साली असे उत्तर ऐकल्यावर माणसाच्या मनात काय येत असे, ते मी सांगायला नको. आजींनी दुसऱ्यांदा फोन केला नाही. पुढच्या वर्षी माझी भावजय त्यांना देवळात भेटली आणि माझे नाव निघाले, तेव्हा त्या भावजयीचा हात धरून रडल्या. वर्षभर त्या मला गेलेली समजत होत्या.

धंद्याचे नुकसान किती झाले, त्याचा हिशेब मी केला होता. आजींच्या त्या वर्षाचा हिशेब कसा करणार? म्हणून मी तुम्हाला सांगते की, स्वस्त नंबर म्हणजे फुकट मिळालेला नंबर नव्हे. जो पुन्हा बदलावा लागत नाही, तोच स्वस्त. आणि जो आपल्या नावावर असतो, तोच न बदलता ठेवता येतो.

आता व्यवहाराकडे वळू. आज घरी काम करणाऱ्या बाईपुढे कोणकोणते मार्ग आहेत, ते एकेक घेऊन पाहू.

पहिला मार्ग, घरचाच नंबर धंद्याला देणे. ह्याला पैसा लागत नाही. परंतु ज्या नंबरावर बँकेचे सांकेतिक आकडे येतात, तोच नंबर हजार लेबलांवर छापून गावभर वाटणे मला बरे वाटत नाही. शिवाय त्यामुळे घर आणि दुकान एक होऊन जाते. शिकवणीच्या पालकांना, डब्याच्या गिऱ्हाइकांना तुमचे नातवाबरोबरचे फोटो दिसतात, आणि नणंदेच्या घरच्या मंगळागौरीच्या निरोपांत एखादी मागणी हरवून जाते.

दुसरा मार्ग, त्याच फोनमध्ये दुसरे सिम. हल्ली बहुतेक फोनमध्ये दोन सिमांची सोय असते. बहुतेकींनी हाच मार्ग घ्यावा, असे माझे मत आहे. लोक म्हणतात, दोन-दोन रिचार्ज कसे परवडणार? त्याचे उत्तर असे : डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि संदेश एवढ्यापुरते रिचार्ज कंपन्यांनी ठेवलेच पाहिजे, आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येईल. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी ती आणली. त्या वेळी एअरटेलचे वर्षाचे असे रिचार्ज १८४९ रुपयांना होते. ३६५ ने भागा; दिवसाला पाच रुपयांच्या आसपास पडले. भाव बदलत असतात, तेव्हा घेताना चार कंपन्यांचे विचारा, पण विचारताना शब्द नेमका वापरा : "फक्त कॉलिंगचे, डेटा नको." हे न विचारता दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही. आणि रिचार्जची तुलना करताना नुसती किंमत पाहू नका, ती दिवसांनी भागा. २८ दिवसांचा महिना धरला तर वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात, हे आपल्या दूधवाल्याचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना सांगायला नको.

मग व्हॉट्सॲपसाठी इंटरनेट कुठून आणायचे? ते घरच्या वायफायवरून किंवा पहिल्या सिमवरून चालते; दुसऱ्या सिमवर वेगळा डेटा लागत नाही. एकाच फोनवर साधे व्हॉट्सॲप घरच्या नंबरावर आणि 'व्हॉट्सॲप बिझनेस' धंद्याच्या नंबरावर, असे दोन्ही ठेवता येतात. हे दुसरे ॲप जानेवारी २०१८ मध्ये निघाले आणि छोट्या धंद्यासाठी ते फुकट आहे. त्यात पदार्थांची यादी फोटो व भावांसह लावता येते, कामाच्या वेळा लिहिता येतात, आणि आपण नसताना "उद्या सकाळी दहानंतर उत्तर देईन" असा निरोप आपोआप जातो. मात्र सिम काढून कपाटात ठेवू नका. ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असल्याखेरीज असे ॲप चालू नये, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आहे. तेव्हा सिम त्याच फोनमध्ये राहू द्यावे, हे उत्तम.

ह्या मार्गातला एक दोषही सांगते. बहुतेक फोनमध्ये एका सिमवर आपण बोलत असलो की दुसऱ्यावर फोन लागत नाही. म्हणून भावजयीशी गप्पा मारायच्या त्या दुपारी, आणि फराळाच्या दिवसांत थोड्या आवरत्या घ्यायच्या!

तिसरा मार्ग, घरचा लँडलाइन फोन. हल्ली फायबरचे इंटरनेट घेतले की त्याबरोबर बहुधा फोनचीही सोय मिळते, म्हणजे वेगळा खर्च फारसा नाही. आपल्या डोंबिवलीचा ०२५१ पाहिला की गिऱ्हाइकाला वाटते, ह्या बाई इथल्याच, ह्यांना घर आहे, दार आहे. शिकवण्यांना हे चांगले. परंतु बाजारात गेलात की तो घरी वाजत राहतो. आणि कंपनी बदलून तोच नंबर ठेवण्याची जी सोय मोबाईलला आहे, ती लँडलाइनला नाही. भाड्याच्या घरात राहणारीने तर ह्याच्यावर लेबले छापूच नयेत.

चौथा मार्ग, १८०० ने सुरू होणारा नंबर. ह्यावर फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, घेणाऱ्याला पडतात. मोठ्या कंपन्यांना तो शोभतो. आता बहुतेकांच्या रिचार्जमध्ये बोलणे अमर्याद असते. तेव्हा गिऱ्हाइकाचे जे पैसे मुळात जातच नाहीत, ते वाचवण्यासाठी आपण खर्च का करावा?

पाचवा मार्ग, भाड्याने मिळणारा नंबर. "मराठीसाठी एक दाबा" म्हणतो ना, तसला. एकच नंबर लावला तर तीन-चार जणींच्या फोनवर आळीपाळीने वाजतो. बचत गटातल्या पाच-सहा जणी मिळून काम करीत असतील, तर ही सोय उपयोगी आहे. एकटीला तिची गरज नाही. मात्र घेण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा : "आम्ही तुमची सेवा सोडली तर नंबर आमच्याकडे राहील काय?" उत्तर 'नाही' असेल, तर तो नंबर म्हणजे नव्या रूपातले पी. पी. समजा.

कोणी आकर्षक नंबर घ्या म्हणून पैसे मागतात. सात-सात, आठ-आठ असले. त्याला पैसे मोजू नका. पण कंपनीने चार नंबर दाखवले तर त्यांतला ऐकायला सोपा निवडा, आणि सांगताना आकडे सुटे सुटे सांगा. आपण 'एकोणसाठ' म्हणतो, समोरची मुलगी 'एकोणसत्तर' लिहिते. आणि 'एकोणऐंशी' म्हटले तर आजची निम्मी मुले आईला हाक मारतात. "सात नऊ" असे म्हटले की काम झाले.

आता नावाबद्दल. नवे सिम घेताना स्वतः जा, आपले आधारकार्ड न्या, आपला फोटो काढू द्या. "ह्यांच्या नावावर काय आणि माझ्या काय" असे म्हणू नका. घरातल्या माणसावर अविश्वास दाखवा, असे मी मुळीच सांगत नाही. माझ्या पुतण्याने माझे काही वाईट केले नाही. तो फक्त दूर होता, आणि तेवढ्याने माझा धंदा अडला. माणूस गावाला जातो, आजारी पडतो. कधी घरात वाटण्या होतात. कोणाच्या मनात वाईट नसतानाही नंबर हातचा जातो. शिवाय, फोन करणाऱ्याचे सिमसाठी नोंदवलेले नाव समोरच्याच्या पडद्यावर दिसावे, ह्या व्यवस्थेवर ट्राय आणि दूरसंचार विभाग यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये एकमत झाले. उद्या तुम्ही गिऱ्हाइकाला फोन केलात आणि पडद्यावर दिराचे नाव आले, तर ते फोन घेतील का?

ज्यांचा धंद्याचा नंबर आज दुसऱ्याच्या नावावर आहे, त्यांनी घाबरू नये. फक्त उशीर करू नये. ज्याच्या नावावर आहे त्याला बरोबर घेऊन कंपनीच्या अधिकृत दुकानात जावे, दोघांची ओळखपत्रे न्यावीत आणि नाव बदलण्याचा अर्ज करावा. तो माणूस गावात आहे, बोलणे-चालणे चांगले आहे, तोवर हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. नंतर काय होते, ते मी आताच सांगितले.

आपल्या नावावर आज किती सिम आहेत, हेही एकदा पाहून घ्या. सरकारच्या 'संचार साथी' ह्या संकेतस्थळावर, जे मे २०२३ मध्ये सुरू झाले, आपला नंबर घातला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. एका व्यक्तीला आपल्याकडे नऊपर्यंत सिम ठेवता येतात. मी पाहिले, तर त्यांत एक नंबर असा निघाला की जो मी कधी घेतलाच नव्हता. तिथेच "हा माझा नाही" असे कळवता येते, मी कळवले.

नंबर आपल्या नावावर असला की दुसरा मोठा फायदा होतो. कंपनी आवडली नाही, घरात तिचे जाळे मिळत नाही, दर वाढले, तरी नंबर न सोडता कंपनी सोडता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, आणि ३ जुलै २०१५ पासून देशात कुठेही राहायला गेले तरी तोच नंबर ठेवता येतो. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० ला संदेश पाठवायचा. एक सांकेतिक क्रमांक येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीकडे जायचे. एकाच विभागात तीन कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या विभागात गेलात तर पाच. मुख्य अट अशी की, आताच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावेत आणि बिल थकलेले नसावे. म्हणून भगिनींनो, कंपनी निवडताना फार डोके शिणवू नका. ती बदलता येते. नंबर आणि नाव मात्र विचार करून ठरवा.

तिसरी गोष्ट मुदतीची. रिचार्ज विसरणे म्हणजे दुकानाचे भाडे विसरणे. मी आता कालनिर्णयावर, जिथे दुधाचे खाडे लिहिते, त्याच पानावर रिचार्जची तारीख लाल शाईने लिहिते, आणि आठ दिवस आधीच्या चौकटीतही एक फुली मारते. वर्षाचे रिचार्ज असेल तर नवे कालनिर्णय भिंतीवर लागताच आधी ती तारीख मांडते, मग एकादशा पाहते.

खाण्याचे पदार्थ बंद पाकिटात विकणाऱ्या भगिनींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २०११ च्या वजनमापविषयक नियमांप्रमाणे, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव, पत्ता आणि फोन नंबर पाकिटावर असावा लागतो. म्हणजे नंबर ही नुसती जाहिरात नाही, ती आपली जबाबदारीची सही आहे. सही दुसऱ्याच्या हाताची कशी चालेल? तेव्हा आधी नंबर पक्का करा, चार-सहा महिने वापरून पाहा, आणि मग लेबले छापा. मी उलट केले होते. त्या दोन हजारांतली उरलेली लेबले अजून माझ्याकडे आहेत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी किराण्याची यादी लिहिते.

नंबर बदलावाच लागला तर जुना ताबडतोब सोडू नका. निदान एक दिवाळी जाईपर्यंत तो चालू ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये नंबर बदलण्याची सोय आहे, तीतून ओळखीच्यांना नवा नंबर आपोआप कळवता येतो. पण ज्या आजी व्हॉट्सॲप वापरत नाहीत, त्यांना स्वतः फोन करा. मी त्या वेळी वहीत गिऱ्हाइकांचे नंबर लिहून ठेवले असते, तर पुढची हकीगत घडलीच नसती. सगळे नंबर सिममध्ये होते; सिम गेले, नंबर गेले. म्हणून आता माझी एक शंभर पानी वही आहे, आणि ती तांदळाच्या डब्यापेक्षा मला मोलाची आहे.

सावधगिरीचे दोन शब्द. धंद्याचा नंबर गावभर जातो, म्हणजे तो ठगांकडेही जातो. बँकेसाठी घरचाच नंबर ठेवा. मागणीचे पैसे पाठवतो म्हणून कोणी आकडे विचारले तर सांगू नका. पैसे मिळवायला आपल्याला गुप्त आकडा घालावा लागत नाही, तो फक्त पैसे द्यायला लागतो. "तारा चार शून्य एक दाबून हा नंबर लावा," असे कोणी सांगितले तर मुळीच लावू नका. त्याने तुमचे फोन त्याच्याकडे वळू शकतात. आणि व्हॉट्सॲपमध्ये सहा आकडी पिन लावून ठेवा, म्हणजे खाते पळवणे अवघड होते.

शेवटी वेळेबद्दल. माझ्या सासूबाईंना मी हा दुसऱ्या नंबराचा बेत सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगले केलेस. वाण्याच्या दुकानाला रात्री फळ्या लागतात. घरातल्या धंद्याला फळ्या नसतात." ते मला फार पटले. घरी काम करणारी बाई कधी दुकान बंद करीतच नाही. जेवताना, निजताना, पाहुणे असताना तिचे दुकान उघडेच. दुसरा नंबर म्हणजे त्या फळ्या. रात्री आठला मी धंद्याचे सिम फोनमधल्या फोनमध्ये बंद करते आणि सकाळी नऊला चालू करते. पहिले काही दिवस वाटले, गिऱ्हाइके तुटतील. एकही तुटले नाही. उलट एक म्हणाली, "काकू, तुमची वेळ ठरलेली आहे ते बरे, आम्हालाही संकोच वाटत नाही."

कोणी म्हणेल, एवढ्याशा धंद्याला हा एवढा पसारा कशाला? भगिनींनो, माझ्या आईनेही तसेच म्हटले होते. 'एवढासा' धंदा म्हणून तिने स्वतःचा नंबर कधी घेतलाच नाही. पुढे चाळीत घरोघरी फोन आले, तरीसुद्धा नाही. पण त्या एवढ्याशा धंद्यावर आम्हा दोघी बहिणींची शिक्षणे झाली. बाईचे काम तिच्या स्वतःच्या नावाने नोंदलेले असावे, मग ते दिवसाला पाच रुपयांचे सिमकार्ड का असेना.

माझा आताचा नंबर माझ्या नावावर आहे. २०२२ सालापासून तोच आहे. मध्ये एकदा कंपनी बदलली, पण गिऱ्हाइकांना कळलेदेखील नाही. त्या आजींना तो मी स्वतः जाऊन, मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून, त्यांच्या फोनशेजारी लावून आले. गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. मी "हॅलो" म्हणताच त्या म्हणाल्या, "आहेस ना ग?" मी म्हटले, "आहे आजी. अर्धा किलोच ना?"

  सभा संपल्यावर ज्यांना आपल्या नावावरची सिमे तपासायची असतील, त्यांनी फोन घेऊन माझ्याजवळ यावे. आपण इथेच बसून पाहू.